विंगेगार्ड लपून बसतो, हे खोटं आहे

आमच्या भागातल्या सायकलवाल्या पोरांच्या फोनवर गेले काही दिवस एक मजकूर फिरतो आहे, स्लोव्हेनियाचा पोगाचार आणि डेन्मार्कचा विंगेगार्ड या दोन मोठ्या सायकलपटूंबद्दल. परतवाड्यापासून दर्यापूरपर्यंतच्या चार जणांनी तो मला पाठवला. त्यात म्हटलंय ते असं: पोगाचार खरा गडी, वर्षभर दिसेल त्या शर्यतीत उतरतो आणि मारतो. विंगेगार्ड वर्षभर लपून बसतो आणि फक्त जुलैत, टूर द फ्रान्स या तीन आठवड्यांच्या शर्यतीला, बाहेर निघतो. त्यानं २०२२ आणि २०२३ ची टूर जिंकली ती पोगाचारचा हात मोडला होता म्हणून. आणि शेवटची ओळ, 'ध्येय ठरवणं हे कमजोर माणसाचं काम, पोरांनो, दर रविवारी शर्यत मारा.'

पोगाचार मलाही मनापासून आवडतो. आज जगात त्याच्या तोडीचा सायकलपटू नाही, हेही मी मानतो. पण हा मजकूर चुकीचा आहे, आणि शेवटच्या ओळीनं पोरांचं नुकसान होतंय. ते मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून लिहितो आहे.

लपून बसण्याचंच आधी घेऊ. २०२३ चं वर्ष काढा. त्या वर्षी विंगेगार्ड मार्चमध्ये पॅरिस-नीसला होता. तिथं तो तिसरा आला आणि पोगाचार जिंकला. मग विंगेगार्डनं एप्रिलमध्ये स्पेनमधल्या बास्क प्रांताची शर्यत जिंकली, जूनमध्ये फ्रान्समधली दोफिने जिंकली, जुलैत टूर जिंकली, आणि ऑगस्टअखेर स्पेनच्या व्हुएल्टाला जाऊन दुसरा आला. टूर आणि व्हुएल्टा मिळूनच ४२ टप्पे होतात. बाकीच्या शर्यती धरल्या तर त्याचे शर्यतीचे दिवस साठाच्या वर जातात. त्याच वर्षी पोगाचारचे भरतात पन्नासच्या आसपास. म्हणजे ज्याला लपून बसणारा म्हणता, तो त्या साली जास्त दिवस शर्यतीत होता. फरक इतकाच की तो बहुतेक अनेक टप्प्यांच्या शर्यती खेळतो, आणि पोगाचार एका दिवसाच्या मोठ्या शर्यतीही खेळतो. त्या जास्त गाजतात, म्हणून तो सगळीकडे दिसतो.

२०२४ ला टूरआधीचे काही महिने विंगेगार्ड खरंच दिसला नाही. त्याचं कारणही सांगा ना पोरांना. ४ एप्रिलला बास्क प्रांतात उतारावर तो पडला. गळपट्टीचं हाड मोडलं, बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला इजा झाली, दवाखान्यात बारा दिवस काढले. २९ जूनला टूर सुरू झाली तेव्हा तो रांगेत उभा होता, आणि अकराव्या टप्प्यात ल लिओरांला त्यानं पोगाचारला शेवटच्या धावेत मागे टाकलं. त्या टूरमध्ये तो दुसरा आला. या माणसाला घाबरट म्हणायला जीभ कशी धजते, मला समजत नाही.

आता मोडलेल्या हाताचं. यात अर्धं खरं आहे, ते मी नाकारत नाही. २३ एप्रिल २०२३ ला लिएजच्या शर्यतीत पोगाचार पडला आणि त्याचं मनगट मोडलं. टूरच्या तयारीचे ऐन दिवस त्यात गेले. तरी पंधरा टप्प्यांनंतर दोघांत फक्त १० सेकंदांचं अंतर होतं. मग सोळाव्या टप्प्यात, घड्याळाविरुद्धच्या एकट्याच्या शर्यतीत, विंगेगार्डनं २२ किलोमीटरमध्ये १ मिनिट ३८ सेकंद काढले, आणि दुसऱ्या दिवशी कोल दे ला लोझच्या चढावर पोगाचार पार गळाला. तिसऱ्या आठवड्यात अंगात काही उरावं, याचीच विंगेगार्डची तयारी होती. पोगाचारची तयारी कमी पडली, हे कबूल. पण त्याच मोसमात त्यानं वसंतात फ्लँडर्स, अॅम्स्टेल, फ्लेश अशा एका दिवसाच्या शर्यती मारल्या होत्या आणि लिएजलाही तो जिंकायलाच गेला होता. तो त्यानं स्वतः निवडलेला रस्ता होता.

आणि २०२२ ला तर हात धड होता! तेव्हा काय झालं? अकराव्या टप्प्यात पोगाचार पिवळ्या जर्सीत, म्हणजे एकूण वेळेत सगळ्यांच्या पुढे, होता. गालिबिएच्या चढापासून विंगेगार्ड आणि त्याच्याच संघातला रॉगलिच आळीपाळीनं पुढे निसटत राहिले, आणि दर वेळी पोगाचारला स्वतः पाठलाग करावा लागला. ग्रानोंच्या चढावर तो संपला आणि जवळपास तीन मिनिटं गमावून बसला. हा चढ कसा आहे ते आपल्या हिशेबानं सांगतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना तीसेक किलोमीटरमध्ये आपण सातेकशे मीटर वर जातो, तरी मधेच पाय भरून येतात. ग्रानों ११ किलोमीटरमध्ये हजार मीटर चढतो, आणि त्याचा माथा २,४१३ मीटरवर आहे, चिखलदऱ्याच्या दुपटीहून उंच. तिथं नशीब नव्हतं, ठरवून केलेलं काम होतं.

पण सगळ्यात मोठी चूक 'दिसेल त्या शर्यतीत उतरतो' या शब्दांत आहे. पोगाचार किती सोडतो ते पाहिलंय का कोणी? २०२४ ला त्यानं मोसम सुरूच केला २ मार्चला. आदल्या वर्षी जिंकलेली फ्लँडर्स त्या वर्षी सोडली, कारण डोक्यात इटलीतली जिरो आणि टूर एकाच वर्षी मारायची होती. १९९८ च्या पांतानीनंतर ते कोणाला जमलं नव्हतं. त्याला जमलं. टूर झाल्यावर दमलो म्हणून ऑलिंपिक सोडलं, व्हुएल्टा सोडली, आणि सप्टेंबरात झुरिकला जगज्जेता झाला. २०२५ ला चौथी टूर जिंकल्यावर पुन्हा व्हुएल्टा सोडली. ती विंगेगार्डनं जिंकली, आणि पोगाचारनं किगालीला जागतिक अजिंक्यपद राखलं. दोघांनीही आधी ठरवलं होतं, कुठं जोर लावायचा. एकाची यादी लांब, दुसऱ्याची आखूड, एवढंच.

आपल्याकडे शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. तळेगाव दशासरच्या पटात उतरवायची जोडी कोणी आदल्या आठवड्यात वखराला जुंपतं का? तिला ढेप चारतात, चालवून आणतात, सावलीत बांधतात. ती जोडी कामचुकार आहे असं कोणताही धुरकरी म्हणणार नाही.

आता ते नुकसान. माझ्याकडे एक सोळा वर्षांचा पोरगा सरावाला येतो. घरी चार एकर कपाशी, वेचणीला तोही असतो. लागोपाठ दोन रविवार शर्यत मारून तो तिसऱ्या रविवारी सकाळी टपरीवर भेटला. थंडी होती, पण चहाचा ग्लास त्यानं दोन्ही हातांनी धरला होता तो थंडीनं नाही, हात थरथरत होते म्हणून. कपाळाला हात लावला तर चटका बसला.

"सर, अंगात कणकण हाये, पन उतरतो ना मी."

"काऊन रे?"

"पोगाचार नाही सोडत."

मी त्याला तिथंच बाकावर बसवून २०२४ ची फ्लँडर्स सांगितली. त्याला खरं वाटेना. फोनवर त्या वर्षीच्या शर्यतींची यादी काढून दाखवली, तेव्हा त्यानं सायकल माझ्या गाडीत टाकू दिली.

पुढचे दोन रविवार तो शर्यतीला गेला नाही. आता त्याच्या घरच्या कॅलेंडरवर फेब्रुवारीतल्या एकाच तारखेभोवती पेनानं गोल केलाय. मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे घाट, बाकी दिवस सपाट रस्ता, रविवारी आईसोबत वेचणी.