बुडबुडे थांबले म्हणून बिअर बाटलीत भरू नका

घरी बिअर बनवणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरतो: ‘सात दिवस थांबा. एअरलॉकमधले (वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेतले) बुडबुडे बंद झाले की किण्वन, म्हणजे यीस्टने साखरेचं अल्कोहोल आणि वायू करणं, संपलं. मग प्रत्येक बाटलीत चमचाभर साखर टाका, बिअर भरा, बूच लावा.’ हा सल्ला ठिकठिकाणी चुकतो आणि शेवटी तर बाटल्या फोडतो.

बुडबुडे बंद, किण्वन बंद?

आतला दाब बाहेरच्यापेक्षा वाढलाय, एवढंच एअरलॉकला कळतं. फर्मेंटरच्या, म्हणजे किण्वनाच्या भांड्याच्या, झाकणाचं रबर नीट बसलं नसेल तर वायू कडेने निसटतो आणि जोरात किण्वन चालू असूनही एअरलॉक गप्प राहतो. उलट किण्वन संपल्यावर खोली तापली, तर विरघळलेला कार्बन डायऑक्साइड सुटून बुडबुडे पुन्हा दिसतात.

भरवसा ठेवायचा तो हायड्रोमीटरवर, म्हणजे द्रवाचं विशिष्ट गुरुत्व (पाण्याचं 1.000) मोजणाऱ्या तरंगत्या काचेच्या यंत्रावर; साखर संपत जाते तसा आकडा उतरतो. नमुना उंच नळीत घ्या आणि हायड्रोमीटर बोटांनी गर्रकन फिरवा, कारण काचेला चिकटलेले बुडबुडे त्याला वर उचलतात आणि आकडा खोटा जास्त दिसतो. यंत्र 20 अंशांसाठी बनवलेलं असेल आणि नमुना 30 अंशांवर असेल, तर वाचन साधारण 0.002 ते 0.003 कमी येतं, तेवढं मिळवा. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वाकण्यावरून साखर मोजणारं यंत्र) इथे थेट चालत नाही, अल्कोहोलमुळे त्याचा आकडा बिघडतो. नमुना परत फर्मेंटरमध्ये ओतू नका.

दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली वाचनं सारखी हवीत, आणि आकडा अपेक्षेच्या जवळही हवा. सुरुवात 1.050 असेल तर शेवट 1.012च्या आसपास यावा. 1.020 वर स्थिर असेल तर बहुधा किण्वन अडकलंय.

सात दिवसांचा नियम

यीस्ट दिवस मोजत नाही. 20 अंशांवर निरोगी यीस्ट एलचं (उबदार तापमानात आंबवलेल्या बिअरचं) काम चार-पाच दिवसांतही उरकतं. 10-12 अंशांवरच्या लागरला (थंडीत आंबवलेल्या बिअरला) दोन आठवडेसुद्धा कमी पडतात. तापमान घसरलं की यीस्ट तळाशी बसतं. अशा वेळी एल 21-22 अंशांवर आणा आणि झाकण न उघडता फर्मेंटर हलकेच गोल फिरवा.

बाटलीमागे एक चमचा साखर

खरा धोका इथे आहे. यीस्ट ही साखर खाऊन बंद बाटलीत वायू बनवतं. लिटरमागे 4 ग्रॅम साखर सुमारे 1 व्हॉल्यूम वायू देते, म्हणजे बिअरच्या आकारमानाएवढा. 20 अंशांवरच्या बिअरमध्ये साधारण 0.85 व्हॉल्यूम आधीच असतो. सपाट चमच्यात 4 ग्रॅम धरले, तरी 330 मिलीच्या बाटलीत लिटरला 12 ग्रॅम पडतात. एकूण जवळजवळ 4 व्हॉल्यूम! नेहमीच्या बिअरला 2.4 पुरे. त्यात किण्वन अपुरं राहिलं असेल, तर विशिष्ट गुरुत्वाचा उरलेला प्रत्येक 0.001 सुमारे अर्धा व्हॉल्यूम वाढवतो. साध्या बाटलीला हा दाब झेपेलच असं नाही.

20 लिटरसाठी 125 ग्रॅम साखर वजन करून घ्या. पाव लिटर पाण्यात पाच मिनिटं उकळा, निर्जंतुक बादलीत ओता आणि बिअर तळाशी नळी ठेवून, न खळखळवता, त्यावर सायफन करा. निर्जंतुक चमच्याने हळूच ढवळा.

आधीच चमच्याने साखर घालून बाटल्या भरल्या असतील तर त्या लगेच थंड करा. गार बिअरमध्ये वायू जास्त विरघळतो, दाब उतरतो. हात लावण्यापूर्वी जाड हातमोजे आणि संरक्षक चष्मा घाला. मग एकेक बूच किंचित उचलून वायू सोडा आणि नवीन बूच लावा.