गोव्याच्या उकाड्यातही ऑपरेशन टेबलावर अंग गार पडतं

गोव्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "आपल्याकडे एवढा उकाडा, ऑपरेशनमध्ये पेशंट थंड कसा पडेल? ओटीतला (ऑपरेशन थिएटरमधला) एसी जंतू मारायला असतो. नंतरची हुडहुडी म्हणजे भूल उतरल्याची खूण. गरम हवेची चादर फक्त बिल वाढवायला." हे वाचून कुणी ही चादर (जिच्यात यंत्राने गरम हवा सोडतात) नाकारू नये, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी उकाडा. बाहेर मे महिन्याचा घाम असो, ओटीत साधारण २०-२२ अंशच असतात. पण मुख्य कारण एसी नाहीच. जागेपणी शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून ऊब आत राखतं. भूल दिली की त्या सैल पडतात, आतली ऊब हातापायांकडे जाते आणि पहिल्या तासातच आतलं तापमान १ ते १.५ अंशाने उतरू शकतं. कमरेत भूल दिलेल्या सिझेरियनच्या बाईच्या पायाला हात लावला तर तो गरम लागतो. थंडी वाजते का विचारलं, तर बऱ्याचदा तीही नाही म्हणते. आणि नेमकं तेव्हाच आतलं तापमान घसरत असतं. म्हणून हाताचा अंदाज चालत नाही, मोजावंच लागतं. ३६ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात.

जंतू थंडीने मरत नाहीत. ओटीची हवा स्वच्छ राहते ती फिल्टरमुळे. उलट गार पडलेल्या पेशंटच्या कातडीला रक्त कमी पोहोचतं, जखमेला प्राणवायू कमी मिळतो. मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनच्या २०० पेशंटांवर १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गार राहिलेल्यांपैकी १९ टक्क्यांच्या जखमेत संसर्ग झाला, ऊब राखलेल्यांपैकी ६ टक्क्यांच्या. २०२२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या पाच हजारांवर पेशंटांच्या अभ्यासात मात्र ३५.५ आणि ३७ अंशांत असा फरक दिसला नाही. पण त्यातही ३५.५ च्या खाली जाऊ लागलेल्यांना गरम हवा दिलीच होती. त्यामुळे 'ऊब नको' असा अर्थ त्यातून निघत नाही.

हुडहुडी कधी तापमान ठीक असतानाही भरते, एवढं खरं. तरी ती सोडून द्यायची गोष्ट नव्हे. कुडकुडताना प्राणवायू जास्त लागतो, आणि हृदयविकार असलेल्या म्हाताऱ्या माणसाला तो ताण झेपत नाही.

राहिलं बिल. साधं एक पांघरूणही कातडीतून जाणारी ऊब साधारण ३० टक्क्यांनी वाचवतं. पोट उघडून तासन्‌तास चालणाऱ्या ऑपरेशनला ते पुरत नाही, तिथे गरम हवेची चादर लागते. सलाईनही गरम करावं लागतं: ओटीच्या तापमानाचं एक लिटर सलाईन शरीर सुमारे पाव अंशाने गार करतं.

भूल देण्याआधी थंडी वाजत असेल तर लगेच सांगा, ऊब तेव्हापासूनच द्यायची असते. पण घरून आणलेली गरम पाण्याची पिशवी बधिर पायाला लावू नका. चटका बसलेला पेशंटला कळत नाही, भूल उतरल्यावर फोडच दिसतो.