‘परदेशी झाडं उपटा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पावसाळा तोंडावर आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो लांबलचक मेसेज हमखास फिरतो. गुलमोहर, रेन ट्री, बोगनवेल ही विदेशी झाडं, त्यांच्यावर पक्षी बसत नाहीत, फुलपाखरं फिरकत नाहीत. देशी झाडांना ना पाणी लागतं ना निगा. वड-पिंपळ रात्रीसुद्धा ऑक्सिजन सोडतात. तेव्हा परदेशी सगळं उपटा आणि खाली दिलेल्या यादीतली देशीच लावा. यंदा बाग समितीत मी असल्यामुळे खाली ‘मग कधी उपटताय?’ असंही आलं. मी देशी झाडांच्याच बाजूची आहे, आणि म्हणूनच हा मेसेज मला जास्त खटकतो.

आधी पक्ष्यांचं. गेटजवळच्या आमच्या गुलमोहरावर कावळ्याचं घरटं आहे. मेसेज टाकणाऱ्या काकांच्या गाडीवर त्याचा पुरावा रोज पडतो. गुलमोहराचा खरा दोष वेगळाच आहे, वळवाच्या वाऱ्यात त्याच्या फांद्या काडकन मोडतात. मेसेजात त्याचा उल्लेखही नाही.

फुलपाखरांच्या बाबतीत मात्र अर्धं सत्य आहे, आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे. मध प्यायला फुलपाखरू कुठल्याही देशाच्या फुलावर जातं. अंडी घालायला तसं चालत नाही, कारण अळीला ठरावीक झाडांचाच पाला लागतो. आमच्या कढीपत्त्यावर दर पावसाळ्यात कॉमन मॉरमॉन या फुलपाखराच्या अळ्या असतात. लहान असताना हुबेहूब पक्ष्याची विष्ठा वाटतात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार. बोट लावलं की डोक्यामागून लालसर शिंग बाहेर काढतात आणि उग्र वास सोडतात. शेजारच्या वहिनींनी ‘कीड’ म्हणून फवारणी मागवली होती, ती मी थांबवली. शिंजिर हा चिमुकला पक्षी एरवी मधावर जगतो, पण पिल्लांना अळ्या-किडेच भरवतो. पाला खाणारं कुणी नसेल, तर पिल्लांना चारा कुठून येणार?

म्हणजे देशी झाडांचं महत्त्व पाल्यात आहे. पण नियम म्हणून तेही पूर्ण खरं नाही. हळदीकुंकू हे झुडूप अमेरिकेतून आलेलं, तरी आपल्या रुईवर वाढणारं प्लेन टायगर फुलपाखरू त्याच्यावरही अंडी घालतं, कारण दोन्ही झाडं एकाच कुळातली. इंग्लंडमध्ये रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या बागकामाच्या संस्थेने आपल्या विस्लीच्या बागेत चार वर्षं स्थानिक, उत्तर गोलार्धातली त्यांच्या नात्यातली आणि दक्षिण गोलार्धातली दूरदेशीची झाडं वेगवेगळ्या वाफ्यांत लावून कीटक मोजले. स्थानिक झाडांचं पारडं जड निघालं, पण हंगाम संपत आल्यावर मध पुरवायला दूरदेशीची फुलं उपयोगी पडली. तिथलं हवामान आपलं नव्हे, हे खरं. पण सगळं उपटा, असं त्यातूनही निघत नाही.

‘देशी झाडांना पाणी लागत नाही’ हे वाक्य आमच्या माळीदादांना वाचून दाखवलं तर ते फक्त हसले. कुठलंही रोप पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी मागतंच. आणि देशी म्हणजे नेमकं कुठलं? तामण हे महाराष्ट्राचं राज्यपुष्प, पण मुळात ओढ्याकाठचं झाड. आमची बाग पार्किंगच्या स्लॅबवर आहे, माती जेमतेम अडीच फूट. तिथे लावलेल्या तामणाची पानं एप्रिलमध्ये कडेने करपली. दुसरं मागच्या बाजूला, खऱ्या जमिनीत, नळाचं पाणी वाहून जातं तिथे लावलं, ते मस्त वाढलंय.

पिंपळाचं थोडक्यात. ऑक्सिजन बाहेर पडतो तो प्रकाशसंश्लेषणातून, आणि त्याला उजेड लागतो. रात्री झाड आपल्यासारखाच श्वास घेतं, मग ते वड असो की रेन ट्री. काही वनस्पती रात्री कार्बन डायऑक्साइड साठवतात, पण ऑक्सिजन त्याही दिवसाच सोडतात. वडाखाली बसायला मलाही आवडतं. स्लॅबवर मात्र तो नको, त्याची मुळं ड्रेनेजचे पाइप शोधत जातात.

मेसेजातल्या देशी यादीत देवचाफा आहे, हे मला फार आवडलं. तो अमेरिका खंडातला. आपल्या दसऱ्याचा झेंडूही तिकडचाच, मेक्सिकोचा. त्यांना उपटा म्हणायची हिंमत कुणी करणार नाही, करूही नये.

उपटायचंच असेल तर मागच्या कुंपणालगतची घाणेरी आणि पिवळा कॉसमॉस उपटू या. घाणेरीची फळं खाऊन पक्षी तिचं बी टेकडीवर नेऊन टाकतात, कॉसमॉसचं बी आपलं आपणच पसरतं, आणि तिथल्या रानफुलांना जागा उरत नाही. त्या जागी पांढरा कुडा, धायटी, मुरुडशेंग, कोरांटी अशी झुडपं लावायची आहेत. मेसेजातल्या यादीत झाडंच झाडं आहेत, झुडूप एकही नाही. बुलबुल, शिंपी या पक्ष्यांना घरट्यासाठी हीच मधली उंची लागते. दोन नर्सऱ्यांत विचारलं, दोन्हीकडे मुरुडशेंगेचं नावही माहीत नव्हतं. कुणाकडे तिच्या पिळदार शेंगा असतील तर पाऊस लागायच्या आत वॉचमनच्या केबिनमध्ये आणून ठेवा.