‘अमेरिका लोकशाही नाही, गणराज्य आहे’ : घटनाकारांच्या नावावर खपणारा दावा

अमेरिकेत निवडणुकीचा हंगाम आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो, आणि तिकडच्या नातेवाइकांच्या कृपेने तो आता मराठी गटांवरही येतो. आशय असा: अमेरिकेच्या घटनाकारांना लोकशाही नकोच होती. राज्यघटनेत तो शब्दही नाही. घटनेचा एक प्रमुख शिल्पकार जेम्स मॅडिसनने लोकशाहीला नावं ठेवली, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला जॉन अॅडम्स म्हणाला ती स्वतःचा जीव घेते, बेंजामिन फ्रँकलिनने ‘तुम्हाला गणराज्य दिलंय’ असं सांगितलं. बहुमताला वेसण घालण्यासाठीच सिनेट (कायदेमंडळाचं वरचं सभागृह) आणि इलेक्टोरल कॉलेज (राष्ट्राध्यक्ष निवडणारं, राज्याराज्यांतल्या निवडकांचं मंडळ) उभं केलं. तेव्हा कमी मतं मिळालेला माणूस राष्ट्राध्यक्ष झाला तर कुरकुर करू नका, घटनाकारांना हेच हवं होतं.

यातली सुटी वाक्यं बरीचशी खरी आहेत. घोटाळा त्यांच्या जोडणीत आहे.

‘राज्यघटनेत लोकशाही हा शब्द नाही.’ बरोबर, नाही. पण ‘रिपब्लिक’ हे नामही त्यात नाही. चौथ्या कलमात ‘रिपब्लिकन’ हे विशेषण एकदा येतं: प्रत्येक राज्याला तशा स्वरूपाचं सरकार मिळेल याची हमी. ते स्वरूप म्हणजे काय, याची व्याख्या नाही. मग शाळेत म्हटल्या जाणाऱ्या ध्वजप्रतिज्ञेचा दाखला येतो, तिच्यात ‘रिपब्लिक’ आहे म्हणून. ती प्रतिज्ञा फ्रान्सिस बेलामी या समाजवादी विचारांच्या धर्मोपदेशकाने 1892 साली लिहिली. 1787 साली राज्यघटना लिहिणाऱ्या घटना परिषदेतला शेवटचा हयात प्रतिनिधी मॅडिसन, तो 1836 मध्येच गेला होता.

आता मॅडिसन, कारण सगळी इमारत त्याच्यावर उभी आहे. नव्या घटनेच्या प्रचारासाठी त्याने आणि अलेक्झांडर हॅमिल्टन वगैरेंनी ‘फेडरलिस्ट’ ही लेखमाला लिहिली. 22 नोव्हेंबर 1787 रोजी छापलेल्या तिच्यातल्या दहाव्या लेखात त्याने ‘शुद्ध लोकशाही’वर कडक टीका केली. ती भांडखोर असते, अल्पायुषी असते, त्यात मालमत्ता सुरक्षित राहत नाही, वगैरे. हा उतारा सगळे देतात. मात्र त्याच लेखात त्याने शुद्ध लोकशाही कशाला म्हणायचं तेही सांगून ठेवलंय: मूठभर नागरिक प्रत्यक्ष एकत्र जमतात आणि स्वतःच कारभार हाकतात ती. आणि जिथे हे काम निवडलेले प्रतिनिधी करतात ते गणराज्य. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची घोषणा अनेकांना ठाऊक असेल, ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’. मॅडिसनच्या हिशेबात या घोषणेचा दुसरा अर्धा भाग लोकशाही आणि पहिला गणराज्य. आज आपण ज्याला लोकशाही म्हणतो, म्हणजे पाच वर्षांनी मत द्यायचं आणि मधल्या काळात आमदार-खासदारांना शिव्या घालायच्या, ते त्याच्या खात्यात गणराज्यातच जमा होतं.

बहुमताचं काय, तेही त्याच लेखात आहे. एखादा स्वार्थी गट अल्पमतात असेल तर त्याच्यावरचा इलाज गणराज्याचं तत्त्वच पुरवतं, कारण बहुमत मतदान करून त्याला हरवतं, असं तो लिहितो. बहुमतवाला गट अन्याय करू लागला तर काय, ही त्याची पुढची आणि खरी काळजी. त्यावर त्याचं उत्तर: देश मोठा ठेवा, हितसंबंध इतके भिन्न असू द्या की जुलमी बहुमत जुळणंच अवघड व्हावं. अल्पमताच्या हाती सत्ता द्या, असं उत्तर त्याने कुठेही दिलेलं नाही. एकोणचाळिसाव्या लेखात तर तो बजावतो की गणराज्याची सत्ता समाजाच्या मोठ्या समूहाकडून आली पाहिजे, मूठभरांकडून किंवा एखाद्या लाडक्या वर्गाकडून नव्हे.

बरं, ही व्याख्या सर्वमान्य होती का? तीही नाही. परिषदेतला एक प्रमुख कायदेपंडित जेम्स विल्सन याने घटनेला मंजुरी द्यायची का हे ठरवणाऱ्या पेनसिल्व्हेनियाच्या अधिवेशनात ‘गणराज्य किंवा लोकशाही’ असं एका दमात म्हटलं: ज्यात सर्वोच्च सत्ता लोकांकडे राहते आणि ते स्वतः जमून किंवा प्रतिनिधींमार्फत ती चालवतात. हॅमिल्टनने 1777 च्या एका पत्रात ‘प्रातिनिधिक लोकशाही’ हा शब्द कौतुकाने वापरलाय. पुढे सरन्यायाधीश झालेला जॉन मार्शल जून 1788 मध्ये व्हर्जिनियात घटनेची बाजू मांडताना ‘सुव्यवस्थित लोकशाही’ हवी म्हणत होता. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा लेखक थॉमस जेफर्सनने 1816 मध्ये उलटीच गंगा वाहवली. नागरिकांनी प्रत्यक्ष, जातीने आणि बहुमताच्या नियमाने चालवलेलं सरकार म्हणजे खरं गणराज्य, असं त्याने लिहिलं. मॅडिसनचा सख्खा राजकीय सोबती, आणि व्याख्या नेमकी विरुद्ध!

‘घटना परिषदेत लोकशाहीच्या अतिरेकाची तक्रार झाली होती.’ झाली होती. 31 मे 1787, फिलाडेल्फिया, बंद दाराआड. प्रश्न असा: कायदेमंडळाचं पहिलं सभागृह थेट लोकांनी निवडावं का? कनेक्टिकटचा रॉजर शर्मन म्हणाला, लोकांचा सरकारशी शक्य तितका कमी संबंध असावा. मॅसॅच्युसेट्सचा एल्ब्रिज गेरी म्हणाला, आपण भोगतोय ती दुखणी लोकशाहीच्या अतिरेकातून आलीत. त्याच्या राज्यात कर्जबाजारी शेतकऱ्यांचं शेजचं बंड नुकतंच शमलं होतं, ती धास्ती त्याच्या बोलण्यात आहे. फिरणारा मजकूर इथे थांबतो. बैठक मात्र पुढे चालू राहिली. जॉर्ज मेसन उठून म्हणाला, हे सभागृह म्हणजे सरकारातल्या लोकशाही तत्त्वाचं भांडार असायला हवं. विल्सन म्हणाला, मला संघराज्याचा पिरॅमिड उंच चढवायचाय, म्हणूनच त्याचा पाया शक्य तितका रुंद हवा. मॅडिसनही थेट निवडणुकीच्याच बाजूने बोलला. मग मतदान झालं: सहा राज्यं थेट निवडणुकीच्या बाजूने, दोन विरुद्ध, दोन दुभंगलेली. गेरीचं म्हणणं हरलं, आणि सप्टेंबरात त्याने घटनेवर सहीही केली नाही. (हाच तो गेरी, ज्याच्या नावावरून मतदारसंघांची सोयीस्कर चिरफाड करण्याला ‘गेरीमँडरिंग’ म्हणतात.)

अॅडम्सचं वाक्य खरं आहे, 1814 च्या पत्रातलं. फक्त घटना घडत होती तेव्हा तो लंडनमध्ये वकिलातीवर होता. आणि फ्रँकलिनच्या नावावर चिकटवलेलं ‘दोन लांडगे आणि एक कोकरू जेवायला काय करायचं यावर मत देतात’ हे तर त्याच्या लिखाणात कुठेच नाही, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली ती कारागिरी आहे.

फ्रँकलिनचं खरं वाक्य मेरीलँडचा प्रतिनिधी जेम्स मॅकहेन्री याच्या रोजनिशीत आहे. परिषद संपल्यावर पॉवेल नावाच्या एका बाईंनी म्हाताऱ्या फ्रँकलिनला विचारलं, काय डॉक्टर, काय मिळालं आम्हाला, गणराज्य की राजेशाही? तो म्हणाला, गणराज्य, टिकवता आलं तर. अर्धा प्रश्न गाळून हे वाक्य मिरवलं जातं. बाईंनी लोकशाहीचं नावही काढलं नव्हतं, त्यांना विचारायचं होतं राजाबद्दल.

राहता राहिलं सिनेट आणि इलेक्टोरल कॉलेज. इथे दावा सर्वांत जोरात असतो आणि सर्वांत लंगडा. लहान-मोठ्या सर्व राज्यांना सिनेटमध्ये सारख्या जागा, ही तडजोड 16 जुलै 1787 रोजी पाच विरुद्ध चार अशी कशीबशी पार पडली, मॅसॅच्युसेट्स दुभंगलं. लहान राज्यं उठून जायच्या बेतात होती म्हणून ती झाली. मॅडिसन आणि विल्सन शेवटपर्यंत विरोधात होते. हॅमिल्टनने घटनेचा प्रचार करताना बाविसाव्या फेडरलिस्ट लेखात या घटनेआधीच्या जुन्या महासंघात प्रत्येक राज्याला असलेल्या समान मतांवर झोड उठवली. कारण काय दिलं? बहुमताचा कल चालला पाहिजे हे गणराज्याच्या राज्यकारभाराचं मूलतत्त्व आहे, आणि राज्यांची समान मतं त्याच्या विरुद्ध जातात. म्हणजे ज्या शब्दाने आज बहुमताला गप्प केलं जातं, तोच शब्द हॅमिल्टन बहुमतासाठी वापरत होता. तेव्हा व्हर्जिनिया आणि डेलावेअरच्या लोकसंख्येत बारा-तेरा पटींचा फरक होता. आज कॅलिफोर्निया आणि वायोमिंगमध्ये तो साठ पटींहून जास्त आहे.

राष्ट्राध्यक्ष थेट लोकांनी निवडावा, असं विल्सनने जूनमध्येच सुचवलं होतं. 19 जुलैला मॅडिसननेही कबूल केलं की निवडीसाठी एकूण जनताच सर्वांत योग्य. अडचण त्याने स्वतःच सांगितली: दक्षिणेत मतदार कमी, आणि गुलामांच्या संख्येचा फायदा थेट निवडणुकीत दक्षिणेला मिळणार नाही. प्रतिनिधीगृहाच्या, म्हणजे त्या पहिल्या सभागृहाच्या, जागांसाठी गुलामांच्या तीन पंचमांश संख्येची मोजणी आधीच ठरली होती, निवडकांची संख्या त्या जागांवर बेतली की तोच फायदा इथेही मिळणार होता. इतरही कारणं होती, एवढ्या पसरलेल्या देशात लोकांना दूरचा उमेदवार ठाऊक कसा असणार, हे त्यातलं एक. पण बहुमतापासून गणराज्य वाचवणारं तत्त्वज्ञान म्हणून ही यंत्रणा घडली नाही. गुलामगिरी, राज्यांचे हट्ट आणि लांबलेल्या बैठकीचा थकवा यातून ती निघाली.

दावा करणाऱ्यांना एक गोष्ट द्यायलाच हवी. हे घटनाकार आजच्या अर्थाने लोकशाहीवादी नव्हते. बहुतेक राज्यांत मतासाठी मालमत्तेची अट होती. 1790 च्या शिरगणतीत सुमारे 7 लाख माणसं गुलाम होती. बायकांना मत जवळपास कुठेच नव्हतं, न्यू जर्सीत मालमत्ता असलेल्यांना होतं तेही 1807 मध्ये काढून घेतलं. हॅमिल्टनने तर आजीव राष्ट्राध्यक्षाची योजना मांडली होती. ‘घटनाकारांना पूर्ण लोकशाही नको होती’ एवढंच कोणी म्हणेल तर मी वाद घालणार नाही. मात्र त्या नकारातून जे मोडलं ते दुरुस्त करायला पुढच्यांना घटनादुरुस्त्या आणि एक यादवी युद्ध लागलं. तो नकार मूळ शहाणपण म्हणून जपायचा असेल, तर गुलामांची मोजणीही सोबत जपावी लागेल.

ही घोषणा घटनाकारांची नाही, तशी बरीच अलीकडची. 1928 मध्ये अमेरिकन लष्कराच्या नागरिकत्व प्रशिक्षण पुस्तिकेत लोकशाही म्हणजे झुंडशाही अशा धाटणीची व्याख्या छापली गेली, ती पुस्तिका 1932 पर्यंत मागे घेतली गेली. 1961 मध्ये जॉन बर्च सोसायटी या कट्टर उजव्या संघटनेचा संस्थापक रॉबर्ट वेल्च याने ‘हे गणराज्य आहे, लोकशाही नव्हे, ते तसंच ठेवू या’ हे वाक्य भाषणातून गाजवलं. ऑक्टोबर 2020 मध्ये यूटाचे सिनेटर माइक ली यांनी ‘आपण लोकशाही नाही’ असं ट्विट केलं. सिनेटर 1913 पर्यंत राज्यांची विधिमंडळं निवडत असत. सतराव्या घटनादुरुस्तीने ते काम मतदारांकडे दिलं, आणि ली निवडून आले ते याच मतदारांच्या बहुमताने.