‘आयओवेट वाढला? डिस्क बदला’ या सल्ल्याचं काय चुकतं

सर्व्हर मंद झाला की एक सल्ला हमखास फिरत येतो. त्यात चारच गोष्टी असतात: टॉप या कमांडमध्ये आयओवेट (डिस्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ) १० टक्क्यांच्या वर गेला की डिस्क कमी पडतेय. डिस्कची आकडेवारी दाखवणाऱ्या आयओस्टॅटमध्ये युटिल, म्हणजे डिस्क किती टक्के वेळ व्यस्त, १०० दिसलं की खात्रीच. डीडी या कॉपी करणाऱ्या कमांडने १ जीबीची फाइल लिहून वेग तपासा. शेवटी एनव्हीएमई, म्हणजे वेगवान जोडणीची एसएसडी, लावा, काम झालं. सोपा आहे, म्हणूनच पसरतो. पण तो तसाच्या तसा पाळून लोक नवं हार्डवेअर आणतात आणि महिन्याभराने पुन्हा त्याच तक्रारीशी येऊन थांबतात. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता नीट उत्तर लिहायलाच हवं.

आधी आयओवेट. सीपीयू रिकामा असताना डिस्ककडे केलेली एखादी मागणी अजून पुरी व्हायची असेल, तर तो रिकामा वेळ लिनक्स आयओवेटच्या खात्यात टाकतो. मुळात हा सीपीयूच्या फावल्या वेळाचाच एक तुकडा. ८ कोअरच्या मशीनवर एकच प्रोसेस सतत डिस्कची वाट पाहत असेल आणि बाकी काही चालू नसेल, तर आकडा १२.५ च्या आसपास दिसेल. आता तिथेच आठही कोअर खाणारं कॉम्प्रेशनचं काम सुरू करा. आयओवेट जवळजवळ शून्यावर येईल. डिस्क तीच, ती प्रोसेस अजूनही खोळंबलेली, आणि आकडा मात्र दुखणं गेल्याचं सांगतोय. लिनक्सच्या प्रोक (कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आपली माहिती जिथे मांडतो ती डिरेक्टरी) मॅन्युअलमध्येच हा आकडा भरवशाचा नाही असं स्पष्ट लिहिलंय. ४.२० पासूनच्या कर्नलमध्ये प्रोक खाली प्रेशर नावाची डिरेक्टरी आहे, तिच्यातली आयओ फाइल उघडा. डिस्कपायी कामं किती टक्के वेळ अडकली हे ती थेट सांगते.

युटिलचा गैरसमज याहून खोल आहे. दिलेल्या वेळात डिस्ककडे निदान एक मागणी प्रलंबित असल्याचा काळ किती, एवढंच तो मोजतो. एकावेळी एकच काम करणाऱ्या जुन्या फिरत्या डिस्कसाठी हे ठीक होतं. पण एसएसडी अनेक मागण्या एकदम हाताळते. साटा या जुन्या जोडणीच्या डिस्कची रांग ३२ मागण्यांची. एनव्हीएमईच्या मानकात तर ६४ हजारांपर्यंत रांगा आणि प्रत्येकीत तेवढ्याच मागण्यांची सोय आहे. साधा हिशोब करा. एका मागणीला ०.२ मिलिसेकंद लागतात, प्रोग्राम एक संपल्यावरच दुसरी पाठवतो. सेकंदाला ५,००० मागण्या झाल्या की युटिल १००. तोच प्रोग्राम १६ मागण्या एकदम पाठवू लागला तर तीच डिस्क कितीतरी पट जास्त काम देईल आणि युटिल तरीही १०० च दाखवेल. समांतर चालणाऱ्या उपकरणांसाठी हा आकडा मर्यादा दाखवत नाही, हे आयओस्टॅटच्या मॅन्युअलमध्येच दिलंय.

मग बघायचं काय? अवेट, म्हणजे एका मागणीला रांगेसकट लागलेला सरासरी वेळ. वाचनाचा वेगळा, लेखनाचा वेगळा. जोडीला रांगेची लांबी. आणि इथे कळकळीने सांगतो, आयओस्टॅटचा पहिला अहवाल सोडून द्या. तो मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असतो. मदत मागताना लोक नेमका त्याचाच स्क्रीनशॉट पाठवतात, आणि आजच्या त्रासाचं निदान तीन महिन्यांच्या सरासरीवरून होतं. एक सेकंदाच्या अंतराने चालवा, दुसऱ्या अहवालापासून वाचा.

सरासरीवरही फार विसंबू नका. ९९ मागण्या १ मिलिसेकंदात आणि एक ५०० मध्ये झाली, तर सरासरी येते जेमतेम ६. वापरकर्त्याला मात्र ती ५०० चीच आठवण राहते. बायोलेटन्सीसारखं साधन वेळांचा हिस्टोग्राम, म्हणजे किती मागण्यांना किती वेळ लागला याचा स्तंभालेख, काढून देतं, त्यात असा दुसरा उंचवटा लगेच दिसतो.

डीडीच्या चाचणीला फार शब्द नकोत. डायरेक्ट (कॅश टाळून लिहिणं) किंवा एफसिंक (डेटा डिस्कवर पोचेपर्यंत थांबणं) हा पर्याय न देता लिहिलेली १ जीबी फाइल आधी मेमरीतल्या पेज कॅशमध्ये जाते. भरपूर मेमरीच्या मशीनवर डीडीने वेग छापला तेव्हा डिस्कला त्यातलं फारसं काही पोचलेलंही नसतं. शिवाय ही चाचणी सलग लिहिते. डेटाबेस तसा वागत नाही. ७,२०० फेऱ्यांची डिस्क घ्या. एक फेरी ८.३३ मिलिसेकंदांची, म्हणजे सरासरी अर्धी फेरी ४.१७, वर हेड सरकायला आठ-नऊ. एका विखुरलेल्या वाचनाला साधारण १२-१३ मिलिसेकंद, सेकंदाला ८० च्या आत मागण्या. इनोडीबीचं, म्हणजे मायएसक्यूएल डेटाबेसच्या साठवणीचं, पान १६ केबीचं, म्हणजे सेकंदाला सव्वा एमबीच्या आसपास. तीच डिस्क सलग वाचनात शंभर एमबीच्या वर सहज जाते. कुठला आकडा तुमच्या कामाचा, हे कामच ठरवतं, म्हणून एफआयओ हे डिस्कच्या चाचणीचं साधन वापरा आणि ब्लॉकचा आकार, रांगेची खोली, वाचन-लेखनाचं प्रमाण आपल्या कामासारखं ठेवा.

राहिला एनव्हीएमईचा उपाय. फिरत्या डिस्कवर विखुरलेली वाचनं होत असतील तर तो बरोबरच आहे, घ्याच. पण मेमरी कमी पडून स्वॅप (मेमरीतला भाग डिस्कवर हलवणं) चालू असेल तर आधी व्हीएमस्टॅट या कमांडमधले एसआय-एसओ, म्हणजे स्वॅपमधून आत-बाहेर जाणारं प्रमाण, बघा. इंडेक्स नसलेली क्वेरी अख्खं टेबल चाळत असेल तर वेगवान डिस्क ते फक्त लवकर चाळेल. प्रत्येक छोट्या कमिटला (डेटाबेसने बदल पक्का करणं) एफसिंक होत असेल, तर वीज गेल्यास डेटा सांभाळणारे कपॅसिटर नसलेली स्वस्त एनव्हीएमईही अपेक्षेपेक्षा बरीच मंद निघते.

मी हाताळलेला एक सर्व्हर सांगतो. रेड ५ चा, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून एक बिघडली तरी डेटा वाचावा म्हणून पॅरिटी (दुरुस्तीची जादा माहिती) ठेवणारा, आणि बॅटरीवाल्या कॅशच्या कंट्रोलरचा. एका सकाळपासून डेटाबेसचे कमिट रखडू लागले. युटिल १००, आयओवेट वाढलेला. नव्या डिस्कची मागणी तयार झालीसुद्धा. दोन्ही अवेट शेजारी ठेवले तर वाचनाचा आदल्या आठवड्याइतकाच होता, फक्त लेखनाचा कित्येक पट चढला होता. डिस्क थकल्या असत्या तर वाचनही ढेपाळलं असतं. कंट्रोलरचा लॉग उघडला. रात्री बॅटरी निकामी झाली होती आणि कंट्रोलरने राइट-बॅक (कॅशमध्ये पोचलं की लिहिलं मानणं) सोडून राइट-थ्रू (डिस्कवर पोचल्यावरच लिहिलं मानणं) धरलं होतं. आता प्रत्येक छोट्या लेखनामागची चारही कामं, म्हणजे जुना डेटा वाचणं, जुनी पॅरिटी वाचणं, मग दोन्ही नव्याने लिहिणं, कॅशच्या आडोशाविना थेट डिस्कवर येत होती. बॅटरी बदलली, राइट-बॅक सुरू झालं, आणि त्याच जुन्या डिस्कवर लेखनाचा अवेट १ मिलिसेकंदाच्या खाली आला.