पाण्याला चढ नसतो

"मामा, रस्ता सपाट आहे. खालून पाणी वाहतंय. पाण्याला चढ चढता येतो का? मग तुला कसा लागेल?"

भाच्याचं हे म्हणणं भौतिकशास्त्राच्या दृष्टीने बिनचूक होतं. थापा मारून मला सहसा कुणी फसवू शकत नाही, पण बिनचूक बोलणाऱ्यांपुढे मी हमखास गारद होतो.

हा भाचा दक्षिण इटलीत, बारी शहरात नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी ग्रॅव्हल बाईकवरून खडीत फिरतो. आपल्याकडे रस्त्यावर खडी राहिली की आपण नगरसेवकाच्या नावाने शंख करतो. तिकडे लोक चांगला डांबरी रस्ता सोडून खडी शोधत जातात आणि त्यासाठी वेगळी सायकल विकत घेतात. तिची किंमत ऐकून माझी बहीण म्हणाली होती, "एवढ्यात स्कूटर आली असती. तीही इंजिनासकट."

माझं बालपण पुण्यात सायकलवर गेलं, त्यामुळे सायकल हा विषय मला येतो असा माझा समज होता. पण या सायकलला स्टँड नाही, कॅरिअर नाही, मडगार्ड नाही. किंमत वाढत जाते तसतशी सायकलवरची एकेक वस्तू कमी होत जाते. टायर चाळीस मिलिमीटर रुंद, पण आत ट्यूबच नाही. तिच्याऐवजी पांढरा चीक ओतलेला, म्हणजे काटा घुसला की भोक आपोआप बुजतं. शिवाय हवा मुद्दाम कमी ठेवायची. आमच्या लहानपणी अशा टायरला "बसलाय" म्हणायचे आणि पंप घेऊन पिटाळायचे.

चड्डीबद्दल फार बोलू नये, पण बोलणं भाग आहे. तिला आतून गादी शिवलेली असते. सीटवरची गादी काढून ती चड्डीत का घातली, असं मी विचारलं. भाचा म्हणाला, "वजन वाचतं." मग त्याने माझं वजन नुसत्या नजरेने मोजलं आणि विषय बदलला.

सकाळी 'अंग मोकळं व्हायला' म्हणून तो मला मार्तिना फ्रांकाजवळच्या पिआनेल्ले जंगलात घेऊन गेला. ओकची दाट झाडी, गारवा, पक्षी, सगळं काही होतं. फक्त वाट नव्हती. जमिनीतून चुनखडीचे सुळे वर आलेले आणि त्यांच्या मधून माणसाने सायकल काढायची अशी अपेक्षा. या जंगलात सार्जंट रोमानो नावाच्या बंडखोराची गुहा आहे. १८६१ मध्ये इटली एक झाली ती याला पसंत नव्हती, म्हणून टोळी घेऊन तो रानात शिरला. १८६३ च्या जानेवारीत मारला गेला. एवढे दिवस तो सापडला कसा नाही, याचं उत्तर माझ्या ढोपराला पहिल्या अर्ध्या तासात मिळालं. भाचा पुढून ओरडून सूचना देत होता: "मामा, ब्रेक दाबू नकोस! मामा, दगडाकडे बघू नकोस, जिथे जायचंय तिथे बघ!" मला घरी जायचं होतं. ते तिथून दिसत नव्हतं.

मग आम्ही पाण्याच्या वाटेला लागलो. ही गोष्ट मात्र मनापासून सांगण्यासारखी आहे. पुल्या हा इटलीच्या बुटाच्या टाचेकडचा प्रांत, आणि त्याच्या पोटात सगळी चुनखडी. पाऊस पडतो तो सरळ जमिनीत झिरपून गडप होतो. नद्या जवळजवळ नाहीतच. शतकानुशतकं लोक टाक्यांतलं साठवलेलं पाणी पीत आले. १८६८ मध्ये कामिल्लो रोझाल्बा नावाच्या इंजिनिअरने सुचवलं की डोंगरापलीकडे सेले नदी पश्चिमेच्या समुद्राकडे वाहते, तिचं पाणी अपेनाइन पर्वतातून बोगदा काढून इकडे वळवावं. प्रत्यक्ष काम सुरू व्हायला १९०६ उजाडलं. हे ऐकून इटली मला एकदम घरची वाटली. १९१५ मध्ये पाणी बारीला पोचलं. कापोसेले गावापासून विल्ला कास्तेल्लीपर्यंतचा मुख्य कालवा २४४ किलोमीटरचा आहे आणि पाणी नुसत्या उतारावर चालत येतं. इत्रिया खोऱ्यात या झाकलेल्या कालव्यावरून देखभालीची वाट जाते. पांढरी बारीक खडी, पुलांवर कठडे, दोन्ही बाजूंना ऑलिव्ह आणि बदामाची झाडं, मध्येच शंकूच्या टोपीची दगडी त्रुल्ली घरं. सायकलवाल्यांचा हा स्वर्ग आहे. स्वर्गात पोचण्याआधी काय करावं लागतं, ते सर्वांना ठाऊकच आहे.

आता शास्त्राकडे येऊ. पाण्याला चढ नसतो हे खरं. पण टेकडी आडवी आली की पाणी बोगद्यात शिरतं आणि मजेत पलीकडे निघतं. टेकडीवरून चढून जायचं काम सायकलवाल्याकडे येतं. "अरे, सपाट ना?" असं मी धापा टाकत विचारलं, तर म्हणे, "खाली सपाटच आहे, मामा."

आणि तहान! सप्टेंबरचं ऊन पांढऱ्या खडीवरून उलटं तोंडावर येत होतं. पायाखालून पिण्याचं पाणी चाललेलं आणि माझ्या बाटलीत चहाला टाकण्याइतकं गरम झालेले दोन घोट. वाटेत जलखात्याच्या दगडी कोठ्या लागतात. लोखंडी दार, दाराला कुलूप. प्रत्येक कुलपाजवळ मी मिनिटभर थांबत होतो.

विसाव्याला सायकल टेकवायची तर स्टँड नाही, म्हणून मी बांधाकडे वळलो. भाचा किंचाळला, "भिंतीला नको!" तिथले बांध चुना-सिमेंट न वापरता नुसते दगडावर दगड बसवून रचतात, आणि २०१८ पासून ही कला युनेस्कोच्या वारशात आहे. घरंसुद्धा तशीच. जुन्या काळी राजाचे कर वसूल करणारे आले की आल्बेरोबेल्लो गावचे लोक छप्पर उतरवून टाकायचे, म्हणजे घरच नाही तर घरपट्टी कसली, असं सांगतात. असल्या बुद्धिमान लोकांनी सायकलला स्टँड का लावू नये? जागतिक वारशाला धक्का नको म्हणून मी सायकल पोटाशी धरून उभा राहिलो. विसावा सायकलला मिळाला.

एवढ्यात कुत्रा आला. मेंढ्यांच्या राखणीचा, पांढरा, केसाळ, पाडसाएवढा. पुण्यातल्या रात्रींनी मला दोन उपाय शिकवलेत: पाय वर घेऊन वेग वाढवणे आणि दगड उचलल्यासारखं करणे. दगडांची तिथे ददात नव्हती. पण भाचा म्हणाला, पळायचं नाही, दगड नाही, उतरायचं, सायकल मध्ये धरायची आणि हळूहळू चालत जायचं. तो त्याचं काम करतोय. मीही माझं काम करत होतो. रामरक्षा मला पाठ आहे ती अशाच प्रसंगांसाठी. कुत्र्याने हद्दीपर्यंत पोचवलं आणि तो मेंढ्यांकडे परत गेला. एवढ्या सभ्यपणे मला कुठल्याच सोसायटीतून कुणी बाहेर काढलेलं नाही.

पाण्यासाठी वाट सोडून एका वस्तीवर गेलो तर दुकान बंद. तिकडे दुपारी एकच्या सुमाराला शटर खाली येतं ते साडेचार-पाचला वर जातं. पुणेकर असल्याने याविषयी तक्रार करण्याचा नैतिक अधिकार मला नव्हता. मी नुसती मान डोलावली.

शेवटी देव भेटला तो ऐंशीच्या घरातला शेतकरी होता. त्रुल्लोच्या सावलीत खुर्ची टाकून बसलेला. माझ्याकडे पाहून त्याने हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "ओम नमः शिवाय!"

मला ऊन लागलं अशीच माझी खात्री झाली. भाच्याने खुलासा केला: जवळच्या चिस्तेर्निनो गावात आपल्या उत्तराखंडातल्या हैडाखानच्या बाबांचा आश्रम आहे. लिसेत्ता कार्मी या जेनोआच्या प्रसिद्ध छायाचित्रकार बाईंनी तो काढला. त्यामुळे या भागातल्या म्हाताऱ्यांना हिंदुस्थानी माणसाशी काय बोलायचं ते ठाऊक असतं. मीही "नमः शिवाय" म्हणालो आणि बाटली पुढे केली. आजोबांनी आत जाऊन तांब्याभर वाइन आणली. पाणी? पाण्याने लोखंड गंजतं, ते जनावरांना आणि टोमॅटोंना. मी पाच वेळा तहानेची खूण केली. त्यांनी पाच वेळा पेला भरला.

चिस्तेर्निनो टेकडीवर आहे आणि आमचा मुक्काम चिस्तेर्निनोला होता. माझे डोळे बघून आजोबा घरामागे गेले आणि एक तीनचाकी घेऊन आले. हिरवी, जुनी, पुढून नाक चेपलेली. मी ओरडलोच, "आपे!" आजोबा चमकले. ही गाडी आमच्याकडे बारामतीला बनते, याच कंपनीचा तिथे कारखाना आहे, असं मी भाच्याला सांगायला लावलं. आजोबांनी मला मिठी मारली, माझी सायकल उचलून हौद्यात टाकली, तिच्याशेजारी टोमॅटोच्या क्रेटवर मला बसवलं.

भाचा आला नाही. त्याला 'राइड पूर्ण' करायची होती. चढाच्या तिसऱ्या वळणावर आम्ही त्याला मागे टाकलं. मी हात केला, पण तो जिथे जायचंय तिथेच बघत होता.

रात्री जेवताना त्याने सायकलवाल्यांचं ॲप उघडलं आणि त्याचा घास तोंडाशीच थांबला. माझ्या हँडलवरचं वाट आणि वेग नोंदवणारं त्याचं यंत्र बंद करायचं राहून गेलं होतं. चिस्तेर्निनोचा चढ मी ताशी पस्तीसच्या वेगाने चढलो होतो आणि तो चढ कोण किती वेगाने चढलं त्या यादीत पहिला आलो होतो. यादीत भाचा एकशे सतरावा आहे. "हे काढून टाकायला हवं, मामा, हे चीटिंग आहे," असं तो दोनदा म्हणाला. मी त्याला म्हटलं, पाण्याला चढ नसतो रे, वाइनचं मला माहीत नाही. आणि फोन मागून घेऊन त्या यादीचा फोटो बहिणीला पाठवून दिला.