'हा किल्ला आमच्याकडे येत नाही'

माझ्या भाच्याच्या ग्रुपने गेल्या उन्हाळ्यात एका किल्ल्यावरच्या टाक्यातला गाळ काढायचं ठरवलं. परवानगीला गेले, तर पहिल्या कार्यालयात ऐकायला मिळालं, 'हा किल्ला आमच्याकडे येत नाही.' दुसऱ्याने अर्ज ठेवून घेतला. उत्तराची वाट बघेपर्यंत पाऊस लागला आणि टाकं गाळासकट भरलं. पुढे जुलै २०२५ मध्ये आपले बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. घरच्या ग्रुपवर आनंदीआनंद, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच, 'आता युनेस्को बघेल.'

युनेस्को बघत नाही. ती नाव देते, अहवाल मागते, आणि फारच बिघडलं तर नाव काढून घेते, जसं २०२१ मध्ये इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचं काढलं. भिंतीची डागडुजी ज्याची त्यानेच करायची. त्या बारांपैकी रायगड, शिवनेरीसह आठ किल्ले केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत. राजगड, प्रतापगड, साल्हेर आणि खांदेरी राज्याच्या. हे आपल्याकडे किती जणांना माहीत असतं?

मी इंग्लंडमध्ये राहते त्या सॉल्झबरीजवळ स्टोनहेंज, म्हणजे उभ्या शिळांचं प्राचीन वर्तुळ, आहे. तिथल्या शिळा इंग्लिश हेरिटेज सांभाळते, भोवतालची बरीच जमीन नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेची, आणि कोणत्या वास्तूला संरक्षण द्यावं याचा सल्ला सरकारला हिस्टॉरिक इंग्लंड देते. म्हणजे संस्था इथेही अनेक आहेत. पण कुणाकडे काय, हे सामान्य माणसाला सहज कळतं.

मला खरा हेवा वाटतो तो वेगळ्याच गोष्टीचा. १८७७ मध्ये कवी आणि कलाकार विल्यम मॉरिसने जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था काढली. ती सरकारी नाही, तरी आज संरक्षित इमारतीचा भाग पाडायचा अर्ज आला की स्थानिक परिषदेला तो या संस्थेला कळवावाच लागतो. हीच संस्था लोकांना चुन्यातलं काम शिकवते. प्रेम करणाऱ्यांना कायद्यात जागा आहे, आणि शिक्षणही.

मी महिन्यातून दोन शनिवार नॅशनल ट्रस्टच्या एका जुन्या घरात स्वयंसेवक असते. नाजूक खुर्चीवर पाइनचं सुकं फळ ठेवायचं, म्हणजे कुणी बसत नाही. धूळ कुठल्या ब्रशने झटकायची, काय अजिबात हलवायचं नाही, हे आधी शिकवलं गेलं, मगच हातात ब्रश आला.

इथलं सगळंच उचलावं असं मी म्हणत नाही. स्टोनहेंजला एरवी दोरीबाहेरून बघायचं. राजगडाच्या पद्मावती माचीवर आपण तटाला हात लावू शकतो, आणि ती जवळीक मला गमवायची नाही. खात्याची काळजीही खोटी नाही. टाक्याच्या गाळात खापरं असतात, नाणी असू शकतात. घाईने उपसलेला गाळ म्हणजे फाडलेलं पान. तटाच्या चुन्यात सिमेंट भरलं तर पाणी आत अडतं आणि दगड फुटतो. पण म्हणून पोरांना टोलवत ठेवायचं? अर्जाला ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्या, गाळ चाळताना खात्याचा जाणकार उभा करा, वर्षातून एकदा चुन्याचं काम शिकवा. दर रविवारी स्वतःच्या पैशाने गडावर जाणारी इतकी माणसं नॅशनल ट्रस्टलाही सहज मिळत नसतील.

भाचा यंदा जानेवारीतच अर्ज देणार आहे. टाक्याची मापं घेऊन झालीत, गाळ कुठे पसरायचा त्याचा नकाशाही काढलाय. अर्ज कुठल्या कार्यालयात द्यायचा, एवढं यावेळी त्याने आधी विचारून घेतलंय.